जिरायती पोट

चपाती लाटतात आणि भाकरी थापतात, त्याला कारण आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळायला घेतलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ताणलं तरी न तुटणारं जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. त्याच्या जिवावर कणीक ताणली जाते, पोळीला पदर सुटतात, पाव फुगतो. ज्वारीत हे जाळं नाही. म्हणून आमच्याकडं पिठात उकळतं पाणी ओततात. पीठ जरा शिजतं, चिकट होतं आणि तेवढ्या चिकटपणावर बाई परातीत भाकरी फिरवत, तळहातानं वाढवत नेते. लाटणं फिरवलं तर ती फाटेल. ज्या पिठाला स्वतःची पकड नाही त्याची पातळ, टम्म फुगणारी भाकरी करायची ही विद्या बारामती-इंदापूरच्या घराघरांत आहे आणि तिच्यावरच मी जगते. मला सीलिअक आजार आहे. गव्हातलं ते जाळं माझं शरीर शत्रू मानतं.

त्याच्या जोडीला दूध सोसत नाही. मोठं आतडं हळवं आहे, त्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. जेवणाची वेळ टळली किंवा तिखट जास्त झालं की आंबट पाणी घशाशी येतं. वय सत्तावीस, आणि एकाच पोटात चार दुखणी. माझं गाव निमगाव केतकीच्या बाजूला, पानमळ्यांच्या मुलखात, आणि नोकरी बारामतीत. अंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर, काटेवाडी असा रोजचा एसटीचा रस्ता. खिडकीतून दिसतो तो बहुतेक ऊस, मधूनच डाळिंबाची बाग, कुठंतरी मक्याचं रान. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाहायचा तर कालव्यापासून लांब, माळाकडं जावं लागतं.

एके काळी हा सगळा पट्टा शाळवाचाच होता. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला मुलूख, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. जड साऱ्यापायी गावं ओस पडू लागली तेव्हा १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली ती इंदापुरापासूनच. पुढं १८७६-७७ चा दुष्काळ पडला. नीरेचा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी सुटलं. भाटघरचं पाणी बारामतीवरून इंदापूरकडं आलं. ऊस आला, गुऱ्हाळं आली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला, मग सहकारी कारखाने निघाले, भीमेवर उजनीचं धरण झालं. ज्या तालुक्यात पाण्यासाठी आभाळाकडं बघत बसायचे तिथं पाळीपाळीनं पाटाचं पाणी मिळू लागलं. हे केवढं मोठं काम होतं याची जाण मला आहे. माझ्या आजोबांनी जिरायतीचे दिवसही काढले आणि बागायतीचेही, आणि पहिल्या दिवसांची आठवण निघाली की ते गप्प व्हायचे.

गहू या पाण्याच्या मागून ताटात आला. आजीच्या लहानपणी पोळी सणालाच होई, तीही मोजून. एरवी जोंधळ्याची नाहीतर बाजरीची भाकरी. १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी तिनं रेशनवरून आणून खाल्ली. तिची चव आठवली की आजही तोंड वाकडं करते. मग दिवस पालटले. नवे, बुटक्या ताटाचे गहू आले, पाणी होतंच, आणि रोजच्या जेवणात चपाती आली. चपाती म्हणजे बरे दिवस. पाहुणा आला की चपाती, नव्या जावयाला चपाती, मुलांच्या डब्यात चपाती. भाकरी असलीच तर शेतावर न्यायची, गड्याबरोबर बसून खायची. ज्या अन्नानं आमच्या घराला मान मिळाला नेमकं तेच मला नाकारावं लागतं. माझ्या आजाराची सगळ्यात अवघड गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगीन. पोटात कळा येतात त्या येतात आणि जातात. आत्यानं मायेनं वाढलेली तूप लावलेली घडीची चपाती ताटातून परत काढून ठेवताना तिचा चेहरा बघायला लागतो, ते जात नाही.

कॉलेजात असताना माझं रक्त सारखं कमी असायचं. लोहाच्या गोळ्या घेतल्या की पोट बिघडे, रक्त मात्र वाढत नसे. जुलाब, पोट फुगणं, मध्येच आठवडाभर बरं वाटणं, पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, पोरगी जेवत नाही नीट, चपाती खाऊ घाला, दूध पाजा. घरच्यांनी दोन्ही केलं. म्हणजे जे मला आतून पोखरत होतं तेच अधिक प्रेमानं माझ्या पोटात जात राहिलं. यात कुणाचाच दोष नाही. रक्तक्षय आमच्याकडं घरोघरच्या बायकांना असतो; त्याच्या मुळाशी लहान आतडं असेल असं कुणाच्या मनात येणार?

शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या द्रव्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं का, ते त्यात कळतं. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे तपासले. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म, बोटांसारख्या नाजूक उंचवट्यांची दाटी असते. त्या उंचवट्यांतूनच अन्नातलं लोह, कॅल्शियम, सगळं रक्तात जातं. माझे उंचवटे झिजून जवळजवळ सपाट झाले होते. त्यांच्याच टोकांशी दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज असतं, तेही त्यामुळं घटलेलं. लोहाच्या गोळ्या का लागू पडत नव्हत्या आणि दूध का सोसत नव्हतं, या दोन्हींचं उत्तर एकाच चित्रात होतं. डॉक्टर म्हणाले, या आजाराला औषध नाही. गहू, जव आणि राय कायमचे बंद. आतडं हळूहळू भरून येईल. मला त्या क्षणी रडू आलं नाही, हायसं वाटलं. इतकी वर्षं ज्याला अंगचोरपणा, नाजूकपणा, जेवणाचे नखरे म्हणत होते त्याला नाव मिळालं होतं आणि त्यावर इलाजही होता.

या आजाराशी गव्हाचा संबंध ज्यानं पक्का केला तो विलेम डिके नावाचा डच बालरोगतज्ज्ञ. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केली आणि हॉलंडमध्ये लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. त्या उपासमारीत या आजाराची मुलं मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० मध्ये त्यानं आपला प्रबंध लिहिला. हे वाचलं तेव्हा मला आमचा माळ आठवला. दुष्काळाचं कुणी गुणगान करू नये, मी तर मुळीच करणार नाही. तरी आजीच्या पिढीत माझ्यासारखं पोट घेऊन जन्मलेली एखादी मुलगी केवळ गहू परवडत नाही म्हणून जगली असेल, ही शक्यता मनातून जात नाही. आणि आजीची धाकटी बहीण, जिच्या अंगाला काही लागलंच नाही, पोट फुगायचं आणि हातपाय काड्या, ती लहानपणीच गेली. तिला काय झालं होतं ते आता कोण सांगणार? आजी तिचं नाव घेते तेव्हा मी तिच्या जवळ जाऊन बसते.

भारतातल्या वेगवेगळ्या भागांत हा आजार किती आढळतो याचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत शंभरात सव्वा जणाला, दक्षिणेत हजारात एकाला. आजाराला पोषक असणारी जनुकं दोन्हीकडं थोड्याफार फरकानं होती. मोठा फरक होता तो गव्हाचा. उत्तरेत माणशी दिवसाला ४५० ग्रॅमच्या आसपास, दक्षिणेत २५. महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. आपण या दोहोंच्या मधले, ज्वारीकडून गव्हाकडं निघालेले. म्हणून मला वाटतं, आमच्याकडच्या डॉक्टरांनी, शाळेतल्या बाईंनी, अंगणवाडीच्या ताईंनी हे नाव ऐकलेलं असावं. गव्हाला घाबरण्याचं कारण नाही. बहुतेकांना तो उत्तम मानवतो. पण जे मूल वाढत नाही, ज्या मुलीचं रक्त गोळ्यांनी भरत नाही, तिची एक रक्ततपासणी तरी व्हावी. आणि तपासणीआधी गहू बंद करू नये. केला तर आजार असूनही तो तपासणीत दिसत नाही.

गहू बंद करणं म्हणजे चपाती न खाणं, एवढंच मला सुरुवातीला वाटलं होतं. खरी मेहनत पुढं होती. दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेलं तरी सीलिअक माणसाच्या आतड्याला इजा होते, असं तपासून पाहिलेलं आहे. एका चपातीत दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचा पन्नासावा हिस्सा. पोळपाटावरून उडालेलं पीठ, चपातीच्या तव्यावर टाकलेली भाकरी, कणकेच्या हातानं उचललेला भात, एवढ्यात तो भरतो. ‘एवढ्यानं काय हुतंय गं?’ असं आजी विचारायची. तिला मी चिमटीत पीठ घेऊन दाखवलं, एवढ्यानं होतं. त्या दिवसापासून माझा तवा, माझी परात आणि माझा उलथना तिनं वेगळ्या खुंटीला टांगला आणि घरात कुणी त्याला हात लावला तर ती ओरडते.

सगळ्यात मोठा प्रश्न गिरणीचा. गावच्या गिरणीत एकाच दगडावर सगळ्यांची दळणं होतात. गव्हाच्या मागं ज्वारी, ज्वारीच्या मागं हरभराडाळ. नेहमीच्या बाईला त्याचं काही वाटत नाही, फार तर आधीचं मिरचीचं नसावं इतकीच तिची अट. मला मात्र ज्वारीच्या पिठात आलेला गहू दिसत नाही, वासानं कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोट सांगतं. मी गिरणीवाल्या तात्यांना बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग उठले, पट्टा काढला, वरचा दगड उचलला आणि खालच्या दगडाच्या टाक्यांत बोट फिरवून मला दाखवलं. प्रत्येक खाचेत पांढरं पीठ दाबून बसलेलं. पीठ पडतं त्या कापडी नळ्याला त्यांनी बाहेरून थाप मारली तर आतून मूठभर पीठ खाली आलं. ‘झाडलं तरी हे राहतंय बघ,’ ते म्हणाले. ‘दगड काय धुता येत नाय.’ तेव्हापासून महिन्यातून एकदा, ज्या दिवशी टाकी लावून दगड साफ होतात त्या दिवशी, सकाळचं पहिलं दळण माझं असतं. पहिली दोन-तीन किलो ज्वारी तात्या गुरांसाठी बाजूला काढतात, मग खाली माझा डबा लावतात. त्यातही आता भर म्हणून आम्ही घरघंटी घेतली, कारण ज्वारीचं पीठ महिनाभर ठेवलं तर त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. तरी तात्यांचा नेम त्यांनी सोडलेला नाही. बाजरी आणि तांदळाचं पीठ मी अजून त्यांच्याकडूनच आणते.

लपलेला गहू हळूहळू सापडत गेला. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ नाहीतर मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला शोधून आणावा लागतो. मेतकुटात गहू असतो. मटणाच्या रश्श्याला दाटपणा आणायला येसूर घालतात, त्यातही भाजलेला गहू येतो. वडापावातला पाव सोडून वडा खा, असं मैत्रिणी म्हणायच्या. पण वडा ज्या तेलात तळलाय त्यातच आधी समोसे तळलेले असतात. भिगवणला उजनीच्या काठी ताजी चिलापी तळून देतात, वरून रवा लावून. तिथल्या एका मावशींना आधी फोन केला की त्या माझ्यासाठी छोट्या कढईत, तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. दूध बंद असल्यानं कॅल्शियमची मला काळजी असते. काट्यासकट चावून खाता येणारी बारकी मासळी, तीळ, नाचणी यांच्यावर माझी भिस्त आहे.

आणि खपली. नात्यातलं प्रत्येक माणूस मला खपली सुचवतं. जुना गहू आहे, मधुमेहवाल्यांना चालतो, पचायला हलका. खपलीची खीर मलाही आठवते, दाण्यादाण्याला गुळाची चव लागलेली. पण खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. जुनं ते सगळं पोटाला चांगलं, ही समजूत माझ्यासारखीला महागात पडते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा बारामतीतही ज्वारीच्या कुकीज, बाजरीचे पास्ते यांची मांडणी झाली. आनंदानं एक पाकीट उचललं आणि मागचा मजकूर वाचला, तर त्यात निम्मा गहू. भारतात ग्लुटेनमुक्त म्हणून विकायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. ते शब्द पाकिटावर असल्याखेरीज मी आता नाव आणि चित्र बघून काही घेत नाही.

गहू गेला, आतडं भरून यायला लागलं, रक्त वाढलं. पण पोट पुरतं शांत झालं नाही, आणि या टप्प्यावर मला खरी निराशा आली. एवढं सगळं पाळूनही दुपारी पोट फुगायचं. तेव्हा कळलं की आयबीएस वेगळा आहे आणि त्याची मागणी वेगळी आहे. कांदा, लसूण, कडधान्यं यांत काही साखरेसारखे घटक असतात जे लहान आतड्यात शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात, पाणी ओढतात, तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. सगळ्यांच्याच पोटात हे होतं. हळव्या आतड्याला ते फार दुखतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये या घटकांना फॉडमॅप हे नाव दिलं. काही आठवडे ते सगळे बंद करायचे, मग एकेक परत आणून बघायचे, आणि ज्यानं त्रास होत नाही ते पुन्हा ताटात घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. कायमचं वर्ज्य करायची ती यादी नव्हे. हे वाक्य मला माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा ऐकवलं, कारण मी सगळंच सोडून द्यायच्या मनःस्थितीत होते.

इथं एका आजाराचं पथ्य दुसऱ्याच्या आड येतं. सीलिअकसाठी डाळी, कडधान्यं खा, लोह मिळेल, आयबीएससाठी जपून. आम्लपित्तासाठी थोडं थोडं खा, दर तीन तासांनी. मिसळ तर मला सगळ्या बाजूंनी बंद झाली: मटकी, कांदा, फरसाण, तर्री आणि पाव. छापील पथ्यपत्रकं एकेका आजाराची असतात, आणि माझ्या पोटाचं पत्रक मलाच लिहावं लागलं. आई आणि मी संध्याकाळी वही घेऊन बसायचो. मुगाची डाळ चालते, तुरीची एक पळी, हरभऱ्याची नको. शेंगदाणे चालतात, आणि आमच्या घरात शेंगदाण्याचं कूट नसलेली भाजी होतच नाही, हे केवढं भाग्य. मोड आणून उकडलेली मटकी थोडी सोसते. डाळिंबाचे मूठभर दाणे चालतात, बागेत बसून फळ संपवणं नाही. पेरू पिकलेला. आंबा दोन फोडी.

कांदा-लसूण मसाल्याशिवाय आमच्याकडं कालवण होत नाही, आणि त्या मसाल्याची माझ्या पोटाशी गाठ बसत नाही. पण त्यातला मला बाधणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. हे कळल्यावर आईनं लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल तापवलं, लसणाच्या पाकळ्या नुसत्या ठेचून त्यात सोडल्या. मंद आचेवर त्या आधी पांढऱ्या, मग कडेनं सोनेरी झाल्या, तेल फसफसायचं थांबलं, घरभर वास सुटला. झाऱ्यानं तिनं प्रत्येक पाकळी वेचून काढली, एकही तुकडा राहू दिला नाही, आणि त्या तेलात जिरं, कढीपत्ता, तांबडं तिखट आणि कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग टाकून मुगाच्या डाळीची आमटी फोडणीला टाकली. कितीतरी महिन्यांनी माझ्या ताटात घरच्या आमटीचा वास आला. ज्वारीची भाकरी कुस्करून मी ती खाल्ली आणि आईनं वेचलेल्या पाकळ्या मिठाबरोबर ठेचून बाबांच्या भाकरीवर घातल्या. एकाच कढईतून दोघांचं झालं. लसणाचं तेल ती लागेल तेव्हाच ताजं करते, साठवून ठेवत नाही, ते लवकर बिघडतं.

माझं पोट जिरायती निघालं. त्याला एकदम भरपूर पाणी चालत नाही, थोडक्या ओलीवर जे येतं तेच त्याच्यात रुजतं. पण या पोटाला लागणारी ज्वारी आता स्वस्त राहिलेली नाही. शाळवाचं क्षेत्र घटत गेलं, काढणीला माणूस मिळत नाही, आणि बाजारात ज्वारी गव्हाहून महाग झाली. रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. माझ्या घरची चार एकर बागायत आहे म्हणून मी ज्वारी विकत घेऊ शकते. ऊसतोडीच्या टोळीतल्या एखाद्या मुलीला हा आजार असेल तर तिनं रेशनचा गहू विकून ज्वारी घ्यायची का, आणि कुणाच्या गिरणीत ती दळायची? ज्या मुलखाची ज्वारी ही ओळख होती त्या मुलखात रेशनच्या दुकानात ती नेहमी मिळावी, निदान ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याला तरी, असं मला मनापासून वाटतं. शाळेत खिचडी तांदळाची असते, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. फोडणीत गव्हाचा हिंग नसेल तर सीलिअकचं मूल तिथं सगळ्यांबरोबर बसून जेवू शकतं.

सगळ्यांबरोबर बसणं, याचं मोल मला पालखीत कळलं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, आणि रस्त्याकाठचं प्रत्येक घर वारकऱ्यांना जेवू घालतं. आमच्या दारात त्या दिवशी चूल पेटलेली असते. मी चपातीच्या घमेल्याजवळ जात नाही. पाणी देते, भात वाढते. गेल्या वर्षी एका वारकरी आजींनी माझा हात धरून खाली बसवलं, ‘वाढतीस मघापासनं, तू कधी खानार?’ मी सांगितलं, मला गव्हाचं चालत नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. आपल्या पडशीतून फडकं काढलं, सोडलं. आत घरून आणलेल्या कडक भाकरी होत्या, परभणीकडच्या जोंधळ्याच्या. त्यांच्या तव्याचं, त्यांच्या गिरणीचं मला काही ठाऊक नव्हतं. मी भाकरी कपाळाला लावली आणि आजींना सगळं समजावून सांगितलं, परत दिली. त्या हसून म्हणाल्या, मग तुझ्या घरची आन, मी तुझ्याजवळ बसती. माझ्या आजीनं माझी भाकरी आणि तीळकूट आणून दिलं. त्या चपाती खात होत्या, मी भाकरी.

लग्नाचं बघणं सुरू आहे. आई-बाबांनी आधी सुचवलं होतं की आजाराचं एकदम सांगू नये, पुढं बघू. मी म्हटलं, पहिल्याच बैठकीत सांगायचं. जिथं माझा तवा वेगळ्या खुंटीला टांगायची तयारी नाही तिथं मी उपाशी राहीन, आणि उपाशी राहून कुणाचा संसार होत नाही. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या घरच्या काकूंनी मात्र विचारलं, ‘मग सणाला पुरणपोळी कशाची करायची?’ मी सांगितलं, तांदळाच्या उकडीची होते, थोडी जाड होते. त्यांनी कागद मागवून लिहून घेतलं. पुढं काय होईल ते होवो, त्या माउलीनं ते लिहून घेतलं, याचा मला फार आधार वाटला.

मागच्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एक वहिनी घरी आल्या. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला हाच आजार निघालाय. कागद हातात, डोळे सुजलेले. मी त्यांना आधी चहा दिला, मग हिंगाची डबी आणून मागचा मजकूर वाचून दाखवला. गिरणीच्या दिवसाचं तात्यांशी बोलून घेऊ, म्हटलं. परात-तवा नवा घ्या, लाकडी लाटणं-पोळपाट त्याच्यासाठी वापरूच नका. शाळेत बाईंना चिठ्ठी लिहून द्या, डब्यांची अदलाबदल होते. सगळं त्या मान हलवत ऐकत होत्या.

‘आणि ताई, पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे,’ त्या म्हणाल्या. ‘केकचं काय करू?’

‘तांदळाच्या पिठाचा होतो,’ मी म्हटलं, ‘अंडी नीट फेटली की फुगतो. माप मी लिहून देते. आदल्या दिवशी त्याला घेऊन इकडंच या, आपण माझ्या भांड्यांत करू.’